एका पानाचं गाऱ्हाणं

त्या माणसाचा सूड घ्यायचा असं मी ठरवलं, तेव्हा माझ्या मांडीवर नातीचा डबा होता. पोळी आणि वालाची उसळ. दादरच्या वाचनालयाचा वरचा हॉल, रविवारची सकाळ, पंचवीस-तीस माणसं, बहुतेक पोरीच. मी मागच्या खुर्चीत. नातीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, म्हणून मी डबा घेऊन तिच्याबरोबर गेले. मला तिथे काही काम नव्हतं.

नात माझ्या मुलाची. मुलगा-सून दोघं कामाला जायचे, म्हणून तान्ही असल्यापासून ती माझ्याच हातात वाढली. आता तेवीस वर्षांची आहे. कॉटन ग्रीनला एका गोदामाच्या ऑफिसात बसते, पावत्या करते. दोन वर्षं खपून तिने एक कादंबरी लिहिली होती, शाळेतल्या मोठ्या पोरांनी वाचावी अशी. मला तिने वाचून दाखवली नव्हती. मी तिसरी शिकलेली. मला दुकानाची पाटी वाचता येते, सही करता येते. कादंबरी मी कधी हातात धरलेली नाही. पण दोन वर्षं ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी स्टुलावर बसून लिहीत होती आणि मी तिच्या अंगावरून हात घालून मिठाची बरणी घेत होते. म्हणजे थोडी माझी पण मेहनत आहे.

हॉलमध्ये जे सर शिकवायला होते ते फणसवाडीतल्या एका प्रकाशनासाठी पुस्तकं निवडायचे. पन्नाशीचे असतील. खादीचा कुडता, चष्मा दोरीने गळ्यात. तीन रविवार शिकवणार होते, आणि महिनाअखेरीपर्यंत ज्यांची पत्रं येतील ती सगळी स्वतः वाचणार होते. त्यांचं म्हणणं असं, की पुस्तक नंतर, आधी पत्र. एक पान. ते पान वाचून मला पुस्तक मागावंसं वाटलं तर मी फोन करीन, नाही वाटलं तर नाही करणार. म्हणजे दार एकच आणि दारात हा माणूस.

दुसऱ्या रविवारी सगळ्यांनी आपापलं पत्र लिहून आणलं. सरांनी गठ्ठ्यातून एक उपसलं ते नेमकं नातीचं. तीन पानं होती. त्यांनी उभं राहून मोठ्याने वाचायला घेतलं. अर्धं पान झाल्यावर थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले,

"आमच्याकडे पोळ्यांना एक बाई येतात. त्यांचा फोन असाच असतो. आधी दहा मिनिटं रडगाणं. गुडघा दुखतोय, जावेच्या पोरीचं लग्न, पाण्याची लाईन फुटली. आणि शेवटी कळतं की बाई उद्या येणार नाहीत. हे पत्र आमच्या पोळीवालीने लिहिलंय."

हॉल हसला. सगळा हसला. मी नातीकडे बघितलं. ती पण हसत होती.

मी तीस वर्षं लोकांच्या घरी पोळ्या केल्या. परळला, दादरला, शेवटी आमच्या समोरच्या टॉवरमध्ये. गुडघे गेले म्हणून दोन वर्षांपूर्वी सोडलं. डबा मांडीवर होता तो मी खाली ठेवला. एवढंच केलं मी. बाकी काही केलं नाही. पण मनात बोलले, थांब. ज्या तोंडाने हसलास त्या तोंडाने मागायला लावते.

आणि एक सांगते. तो माणूस खोटं बोलला नव्हता. आम्ही तसाच फोन करतो. सरळ 'उद्या येत नाही' म्हटलं तर घरची मालकीण विचारते का, आणि कारण दिलं तर म्हणते नेहमीचंच आहे. म्हणून आधीच सगळी कारणं पुढे मांडून ठेवायची. ते रडगाणं आम्हाला हौस म्हणून येत नाही, तुम्ही शिकवलेलं असतं. पण पत्रात ते चालत नाही, हे त्याचं खरं होतं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

  घरी आल्यावर नातीने कादंबरीचा आणि पत्राचा सगळा गठ्ठा रद्दीच्या पिशवीत घातला. मी तो काढून गव्हाच्या डब्यावर ठेवला. तिने परत पिशवीत घातला. मी परत काढला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आजी, सोड ना. नाही जमत मला."

"तू हसलीस कशाला?" मी विचारलं.

"काय?"

"तो पोळीवालीला हसला, तेव्हा तू हसलीस कशाला?"

ती भिंतीकडे तोंड करून झोपली. 

आता हे गाऱ्हाण्याचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे कोकणात काही अडलं-नडलं की देवासमोर गाऱ्हाणं घालतात. नारळ हातात घेऊन एक माणूस मोठ्याने देवाला सांगतो, कोण आलंय, काय झालंय, काय पाहिजे. एकेक वाक्य झालं की बाकीचे सगळे म्हणतात, व्हय म्हाराजा. हे काम पुरुषांचं. माझे वडील गावात गाऱ्हाणं घालायचे. मी दाराच्या उंबऱ्याशी बसून ऐकून ऐकून पाठ केलं होतं, पण बाईने घालायचं नाही. मी कधी घातलं नाही.

वडिलांचं गाऱ्हाणं म्हणजे खिळा ठोकल्यासारखं. चार-पाच वाक्यं. प्रत्येक वाक्याला गाव म्हणायचा, व्हय म्हाराजा. माझ्या नवऱ्याचं तसं नव्हतं. संपानंतर त्याची गिरणी बंद पडली तेव्हा चाळीतल्या पुरुषांनी खालच्या देवळात गाऱ्हाणं ठेवलं आणि ते त्याने घातलं. त्याने गिरणी कधी बांधली तिथून सुरुवात केली. मग मालकाचा आजा, मग मालकाचा बाप, मग युनियनमध्ये कोण कोणाला काय बोललं. मधे व्हय म्हणायला जागाच मिळेना. लोक एका पायावरून दुसऱ्या पायावर. अर्धे प्रसाद न घेता घरी गेले. मी गॅलरीतून बघत होते. गिरणी काही सुरू झाली नाही. गाऱ्हाणं चुकलं म्हणून नाही झाली असं मी म्हणणार नाही, मी एवढी वेडी नाही. पण नवरा मरेपर्यंत म्हणायचा, देवानं ऐकलं नाही. मी मनात म्हणायचे, तू सांगितलंस कुठे?

तर दुसऱ्या दिवशी दुपारी नातीने रजा टाकली होती आणि ती तशीच पडून होती. मुलगा-सून कामावर. मी देव्हाऱ्यासमोर बसले, नारळ घेतला. सत्तरीला आले, आता मला कोण अडवणार? आणि गाऱ्हाणं आमच्या भाषेतच घालायचं असतं, शहरातल्या मराठीत देवाला कळत असेल, पण मला येत नाही.

"बा देवा म्हाराजा, गावच्या शिवेवरच्या म्हाराजा! मी तुझी लेक, लालबागेक चाळीत रवतंय, आज तुझ्या पायाकडे इलंय. दादराक एक मास्तर आसा, तेना माझ्या नातीचा चार माणसात हसू केल्यान, आणि माझ्या धंद्याचा हसू केल्यान. ज्या तोंडान तो हसलो, त्याच तोंडान तेका ता पुस्तक मागूक लाव रे म्हाराजा!"

मागून आवाज आला, "व्हय म्हाराजा."

मी वळून बघितलं. नात उठून बसली होती. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले.

"आजी, परत बोल."

"देवाला दोनदा सांगत नाहीत. तो बहिरा नाही."

"अगं, तू चार वाक्यांत सगळं सांगितलंस. कोण, कुठली, काय झालं, काय पाहिजे. मी तीन पानं लिहून पण हे सांगितलं नाही."

"मग तू तुझ्या आजोबांवर गेलीस."

ती हसली. मला बरं वाटलं असं नाही. त्या हसण्याचा मला अजून राग होता. पण मला त्या मास्तरला हरवायचं होतं आणि हत्यार तिच्या हातात होतं. मी बोलले ते एवढंच, "आण ते पत्र. एकेक ओळ वाच. माझ्या तोंडून व्हय आलं तर ठेवायची. नाही आलं तर काढायची."

तिने रद्दीतून पानं काढली, स्टूल ओढलं, पेन घेतलं. मी तांदूळ निवडायला घेतले.

"महोदय, सविनय नमस्कार. लहानपणापासून वाचनाची आवड असलेली मी एक सामान्य मुलगी आहे."

मी तांदूळ निवडत राहिले.

"आजी?"

"नाही येत तोंडातून. सामान्य असशील तर तो तुझं का वाचेल? पुढे."

"घरात कुणी फारसं शिकलेलं नसतानाही..."

"कोण शिकलेलं नाही?"

"म्हणजे... तू."

"मग नीट सांग ना, आजी तिसरी शिकली. हे फारसं-बिरसं काय? आणि त्याला माझ्या शाळेचं काय करायचंय? काढ."

तिने रेघ मारली. मग वाचलं, "ही कादंबरी आजच्या किशोरवयीन मुलांच्या भावविश्वाचा वेध घेते."

"काय घेते?"

"वेध."

"कुणाचा?"

"भावविश्वाचा. म्हणजे मुलांच्या मनात काय चालतं त्याचा."

"आणि काय चालतं?"

"ते पुस्तकात आहे ना."

"मग हे वाक्य कशाला मधे उभं केलंयस वॉचमनसारखं? काढ."

'माझ्या मैत्रिणींना ती खूप आवडली' असं पुढे होतं. मी म्हटलं, आवडणारच, तू त्यांना चहा पाजतेस. काढ. शेवटी होतं, 'काही चुका असल्यास क्षमस्व.' मी म्हटलं, देवापुढे नारळ ठेवताना सांगतेस का, कुजका निघाला तर माफ कर? आधी हलवून बघायचा, मग ठेवायचा. काढ. तीन पानांतली अडीच पानं अशीच गेली. नातीचा चेहरा उतरला, पण पेन थांबलं नाही. हे तिचं मला आवडतं. रडत पण काम करते.

उरलं त्यात गोष्ट होती. तिने वाचलं, "चौदा वर्षांची एक मुलगी लालबागच्या चाळीत राहते, पण नव्या शाळेत सगळ्यांना सांगते की ती समोरच्या टॉवरमध्ये राहते."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. पहिल्यांदा आपोआप आलं. मग लक्षात आलं काय ऐकलं ते. पण मी मान वर केली नाही.

"एक दिवस तिच्या आयुष्यात असा एक प्रसंग घडतो, ज्यामुळे तिचं सगळं जग बदलून जातं."

मी तांदूळ चाळत राहिले.

"हे पण नाही?"

"कुठला प्रसंग?"

"तो पुस्तकात..."

"गाऱ्हाण्यात असं नाही म्हणत, की देवा, काहीतरी झालं. त्याला ठाऊक असतं काय झालं ते. तरी आपल्या तोंडाने सांगायचं असतं. चोरी झाली तर चोरी म्हणायचं. कुठला प्रसंग?"

ती पेनाचं टोपण काढत आणि लावत बसली. खालून भंगारवाल्याची हाक आली, गेली. मी तांदळातला एक खडा काढून खिडकीबाहेर टाकला.

"आजी, तुला ठाऊक आहे."

"मला काय ठाऊक आहे ते सोड. तू सांग."

ती हळू बोलली, पण थांबली नाही. "मैत्रिणीच्या वाढदिवसाला ती टॉवरच्या दुसऱ्या विंगमध्ये जाते. लिफ्टचं दार उघडतं. आत तिची आजी असते. आजी त्या टॉवरमध्ये पोळ्या करायला येते. आणि मुलगी तिला ओळख दाखवत नाही."

नऊ वर्षं झाली त्याला. त्या दिवशी कामवाल्यांची लिफ्ट बंद होती, म्हणून वॉचमनने मला मोठ्या लिफ्टमधून उतरायला सोडलं. एरवी आम्हाला त्यात पाय ठेवू देत नसत. नवव्या मजल्यावर दार उघडलं. पाच पोरी, छान छान फ्रॉक, मधोमध माझी नात. त्यातल्या एकीच्या घरी मी पोळ्या करायचे. ती पोरगी चांगली. ती म्हणाली, हाय आजी, आणि बाकीच्यांना म्हणाली, ह्या आमच्याकडे पोळ्या करतात, एकदम मऊ. नात वरचे आकडे बघत होती. नऊ, आठ, सात. माझ्या हाताला पीठ लागलेलं होतं, मी हात पदरात घेतला. खाली उतरलो. त्या हसत बाहेर गेल्या. संध्याकाळी ती घरी आली, मैत्रिणीने दिलेली कंपासपेटी घेऊन. मी जेवायला वाढलं. मासे होते, तिला मधला तुकडा दिला. काही बोलले नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी कंगवा घेऊन माझ्यापुढे बसली, तेव्हा मी तो तिच्या हातात परत दिला. म्हटलं, मोठी झालीस, आता आपली वेणी आपण घाल. त्या दिवसापासून मी तिच्या केसाला हात लावलेला नाही. सून म्हणायची, अहो, तिला उशीर होतो, घाला ना. मी भांडी घासत राहायचे.

ओट्याशी बसलेली नात आता माझ्याकडे बघत होती. "म्हणून तू वेणी घालायची बंद केलीस?"

"व्हय," मी म्हटलं. म्हाराजा नाही म्हटलं.

"मला वाटायचं तुला कळलं नाही. मग वाटायचं कळलंय. मग वाटायचं, विचारू. आणि मग एवढी वर्षं गेली की विचारायची लाज वाटायला लागली."

"रविवारी परत तेच केलंस. तो पोळीवालीला हसला आणि तू त्याच्याबरोबर हसलीस."

"मी हसले नसते तर सगळ्यांना कळलं असतं, की ती बाई मागे बसलीय."

"मग कळू द्यायचं होतं."

ती रडली. मी रडू दिलं. रडणाऱ्याच्या पाठीवरून लगेच हात फिरवायचा नसतो, नाहीतर त्याला वाटतं फिटलं. तांदूळ झाले, मी ताट आपटून कोंडा झाडला आणि म्हटलं, "आता जे बोललीस ते लिही. बोललीस तसंच."

"आजी, तुझी बदनामी होईल."

"माझी? लिफ्टमध्ये मान फिरवली ती कुणी?"

तिने लिहिलं. मग तिने स्वतःहून एक वाक्य घातलं, न बोललेल्या शब्दाचं, ते मी सांगितलेलं नाही. ते ऐकलं तेव्हा माझ्या तोंडून व्हय यायला वेळ लागला, पण आलं. सगळं मिळून पत्र असं झालं. तिने मला इतक्यांदा वाचून दाखवलं की ते मला पाठ आहे:

"सर, माझी कादंबरी चौदा वर्षांच्या मुलीची आहे. ती लालबागच्या चाळीत राहते आणि शाळेत सांगते की समोरच्या टॉवरमध्ये राहते. त्या टॉवरमध्ये तिची आजी पोळ्या करते. मैत्रिणीच्या वाढदिवसाला लिफ्टमध्ये आजी समोर येते आणि मुलगी तिला ओळख दाखवत नाही. आजी घरी येऊन एक शब्द बोलत नाही. त्या न बोललेल्या शब्दाबरोबर मुलीला दहा बाय बाराच्या खोलीत वर्ष काढायचं आहे. कादंबरी बारा ते सोळा वयाच्या मुलांसाठी आहे आणि लिहून पूर्ण आहे. पाठवू का?"

खाली तिला दुसरंच नाव टाकायचं होतं. म्हणाली, सरांना माझं नाव आठवत असेल, बघताक्षणी बाजूला टाकतील. मी म्हटलं, गाऱ्हाण्यात नाव चोरलं तर देव देईल कुणाला? आणि त्याने नाव विसरायला नकोच आहे मला. नाव वाचूनच त्याच्या घशाला कोरड पडली पाहिजे. तिने स्वतःचं नाव घातलं आणि मोबाईलवरून मेल केला. तिसऱ्या रविवारी ती गेली नाही. मी म्हटलं जा, पण नाही गेली.

मग वाट बघायची. मी रोज विचारायचे, आला का फोन? ती म्हणायची, नाही. महिना संपला. दुसरा अर्धा झाला. मी त्या मास्तरच्या घरच्या पोळीवालीचा विचार करायचे. तिचा गुडघा, तिच्या जावेच्या पोरीचं लग्न. तिचं नाव मला ठाऊक नाही, पण पोळी लाटताना मी तिच्याशी बोलायचे. म्हणायचे, बाय, त्याची पोळी जरा जाळ.

फोन आला तो शनिवारी, दुपारी. नातीला अर्धी सुट्टी होती. मी मोरीत मांदेली साफ करत होते. तिने नंबर बघितला आणि मोबाईल स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला, जसं काही तो गरम होता.

"पत्र वाचलं तुमचं," सर म्हणाले. "दोनदा वाचलं. आधीचं तीन पानी होतं ते तुमचंच ना? बघा, मी जरा कडक बोललो म्हणून केवढा फरक पडला."

मी मांदेलीचं डोकं मोडलं.

"हो सर," नात म्हणाली.

"पूर्ण कादंबरी पाठवा. मला वाचायचीय."

मागितलं. त्याच तोंडाने मागितलं. मी डोळे मिटले. वाटलं होतं फार गोड लागेल. लागलं, पण पुढचं वाक्य लगेच आलं.

"एकच गोष्ट आधी विचारतो. शेवटी काय होतं? आजी नातीला माफ करते ना?"

"नाही सर. ती माफ पण करत नाही, रागावत पण नाही. ती फक्त राहते."

"ते तेवढं बदला. मुलांचं पुस्तक आहे. शेवट गोड हवा. आजीने पोरीला जवळ घ्यायचं, एक छान प्रसंग. आज्या माफच करतात हो. तेवढं करून पाठवा, मग आपण पुढे बोलू."

नातीने माझ्याकडे बघितलं. दोन वर्षं लिहिलेलं तिच्या डोळ्यांत दिसत होतं मला. एक हो म्हणायचं होतं फक्त. तिला वाटलं असतं तर तिने म्हटलंही असतं, आणि मी तिला अडवणार नव्हते, पुस्तक तिचं आहे. मी नुसती मान हलवली. इकडून तिकडे. नाही.

"नाही सर," ती म्हणाली.  "ते नाही होणार."

"का?"

"आजी नाही म्हणते."

"कुठली आजी?"

मी मोरीतून उठले. गुडघा कडाडला. हात धुतले नाहीत, ओट्यावर वाकून बोलले, "मी. लिफ्टमधली. त्या रविवारी तुमच्या हॉलमध्ये मागे बसले होते."

 पंख्याचा आवाज येत होता त्यांच्याकडचा.

"नमस्कार आजी," ते म्हणाले. "मला ठाऊक नव्हतं की तुम्ही..."

"ठाऊक असतं तर दुसऱ्या कुणाला हसला असता. ते जाऊ दे. आज्या माफ करतात म्हणालात ना, तुमच्याकडे पोळ्यांना येतात त्या बाईंना एकदा विचारा, त्या कुणाकुणाला माफ करतात. मग पोरीला सांगा काय बदलायचं ते."

मी परत मोरीत बसले. मला अजून बोलायचं होतं. बरंच होतं. पण गाऱ्हाणं झालं की गप्प बसायचं असतं.

सर म्हणाले, "आहे तसं पाठवा. शेवट आहे तसाच ठेवून." आणि फोन ठेवला.

नातीने त्याच संध्याकाळी पाठवलं. पुस्तक आता त्यांच्याकडे आहे, वाचताहेत म्हणे. छापतील की नाही ठाऊक नाही. नाही छापलं तर फणसवाडीत काय एकच प्रकाशन आहे? पत्र आमच्याकडे आहे. मला पाठ आहे.

पण त्या दुपारी, फोन ठेवल्यावर, ती माझ्यासमोर मोरीच्या कठड्यावर येऊन बसली. एक मांदेली उचलली, तिला साफ करता येत नाही, उगाच शेपटी ओढत बसली.

"आजी," ती म्हणाली, "पुस्तकात नाही तर नाही. पण खऱ्यात? खऱ्यात करशील का कधी?"

"घाई काय आहे?" मी म्हटलं. "मी अजून जिवंत आहे. आणि ते मासे दे इकडे, वाट लावलीस त्यांची."